न धुतलेला झगा

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. माझी लॉन्ड्री आहे, एकोणीस वर्षं. लोकांचा घाम हाच माझा धंदा. त्यामुळे वासाबाबत तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

रविवार होता. सकाळचे दहा. जागा माझं दुकान, लख्ख उजेडाचं.

माझी धाकटी बहीण नटी आहे. अकरा वर्षं प्रायोगिक नाटकं, कुणी न पाहिलेले सिनेमे, आणि दर वेळी कुणाची तरी मैत्रीण नाहीतर नर्स. मुख्य भूमिका पहिल्यांदाच मिळाली होती. तीही आधीची नटी वारली म्हणून.

ती नाटकातला झगा घेऊन आली. राखाडी, पायघोळ. चार वाजता प्रयोग होता.

"ताई, नुसती इस्त्री कर. धुवायचा नाही."

"का?"

"सरांचा नियम आहे. नाटक चालू असेपर्यंत कपडा धुवायचा नाही. भूमिका कपड्यात मुरते."

"भूमिका कसली मुरते? घाम मुरतो."

सर म्हणजे दिग्दर्शक. मी त्यांना कलामहर्षी म्हणते.

ती आतल्या खोलीत संवाद घोकायला गेली. मी झगा उलटा केला. काखेत पिवळे, कडक डाग. गळ्याशी चिकटलेला लांब केस. माझ्या बहिणीचे केस आखूड आहेत. आणि आजाऱ्याच्या अंथरुणाला येतो तसा आंबूस वास.

नियम गेला खड्ड्यात. मी झगा मशीनमध्ये टाकला.

पाणी तपकिरी आलं.

पुन्हा धुतला. पुन्हा तपकिरी.

चौथ्यांदा... तसंच.

शेवटी ड्रायरमध्ये कडकडीत वाळवला. बाहेर काढला तर सगळा कोरडा. फक्त काखा...

ओल्या होत्या.

वरून इस्त्री फिरवली. वाफ निघाली. आणि माझ्या डोळ्यांसमोर कापडातून... पुन्हा घाम पाझरला.

मी नाटकाचा कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "आधीचीला ताप होता. मध्यंतरात म्हणाली, मला उभं राहवत नाही. सर म्हणाले, उत्तम, भूमिका आजारी बाईचीच आहे. तसंच ढकललं तिला. पडदा पडला आणि विंगेतच गेली बिचारी. अंगातून झगा मीच काढला. सर म्हणाले, धुवू नका, हा घाम खरा आहे."

मोरीत जाऊन ओकले मी. त्या माणसाची इतकी शिसारी आली.

मागे वळले तर बहीण दारात.

"मावशींनी सांगितलं ना?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी घालायच्या आधीच तो ओला असतो."

"मग सोड ते नाटक."

"अकरा वर्षं, ताई," ती शांतपणे म्हणाली. झगा अंगात चढवला आणि पाठ माझ्याकडे केली. "बटणं लाव. माझा हात पोचत नाही."

मी लावली.

ओलं कापड तिच्या पाठीला चिकटलं. माझ्या बोटांना लागलेला घाम... कोमट होता.

प्रयोग रंगला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कलामहर्षी रडले म्हणे.

दोन महिने झाले. नाटक बंद झालं, झगा पेटीत गेला. बहीण ठणठणीत आहे, तिला सिनेमाही मिळालाय. तिचे कपडे माझ्याकडेच येतात. लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो. तिच्या घामाचा वास मी झोपेतही ओळखेन.

तो वास आता तिच्या कपड्यांना येत नाही.

येतो तो... आंबूस.

काल तिने विचारलं, "ताई, माझे कपडे घेताना नाक का मुरडतेस?"

काय सांगू तिला? मी हात धुतले. मग पुन्हा धुतले. बटणं याच हातांनी लावली होती.