टॉन्सिलवाले डॉक्टर आणि त्यांचा चष्मा

मेडिकलच्या मुलांची तिसरी बॅच संपवून मी स्लाइडच्या खोलीत आले, तर माझ्या खुर्चीत कुणीतरी झोपलेलं. चक्क झोपलेलं! चेहरा मायक्रोस्कोपला टेकलेला, हात खाली लोंबणारे, चष्मा टेबलावर उताणा. सकाळपासून बोलून बोलून माझा घसा बसला होता, पायांचे तुकडे पडले होते, आणि त्या खोलीत धड खुर्ची ती एकच.

"अहो, ही झोपायची जागा नाही."

तो दचकून उठला. दोन्ही डोळ्यांभोवती मायक्रोस्कोपच्या नळ्यांचे गोल वळ उमटले होते. हसू दाबायलाही माझ्यात त्राण नव्हतं, म्हणून हसलेच.

"सॉरी मॅडम. टॉन्सिल बघत होतो."

"डोळे मिटून?"

"उघड्या डोळ्यांनी रोजच बघतो… ऑपरेशनला."

नाक-कान-घसा विभागात तो सर्जरी शिकत होता. त्यांच्या परीक्षेत आमच्या, म्हणजे पेशी-ऊतींच्या, विषयाचीही एक फेरी असते, ओळीने मांडलेल्या स्लाइड ओळखायच्या. त्यात तो एकदा नापास झाला होता. "या वेळीही गेलो तर इथली जागा गेली, मॅडम. मग सर्जरी विसरायची आणि वडिलांच्या औषधांच्या दुकानात उभं राहायचं."

"चुकलं काय होतं?"

"कानाखालच्या लाळग्रंथीला स्वादुपिंड म्हणालो."

"म्हणजे ज्या ग्रंथीवर तुम्ही सुरी चालवता, तिला?"

"तिलाच. हातात असली की ओळखतो हो. काचेखाली गेली की ती ओळखच दाखवत नाही."

तेव्हापासून तो रोज दुपारी यायला लागला. ऑपरेशनच्या टोपीचा वळ कपाळावर तसाच, डोळ्यांत झोप. आमच्याकडे एक मायक्रोस्कोप आहे, समोरासमोर बसून दोघांना एकच स्लाइड बघता येते असा. आमचे शिपाईमामा दारातूनच ओरडायचे, "मॅडम, आले तुमचे टॉन्सिलवाले!"

"माझे कसे?" मी म्हणायचे. मामा ऐकलं न ऐकलंसं करायचे.

"हे खोल खळगे दिसतात?" मी विचारायचे. "जंतू इथे अडकतात. आणि भोवती हे पेशींचे गोल पुंजके, ते पहाऱ्यावर असतात."

"दिवसरात्र?"

"दिवसरात्र."

"आपल्यासारखेच म्हणजे. फक्त ते सुजले की त्यांची सुटका होते… मी करतो."

मग जबड्याखालची ग्रंथी. तिच्यात दाट लाळेच्या फिक्या पेशी, आणि त्यांना बिलगून पातळ लाळेच्या गडद पेशींच्या चंद्रकोरी.

"बिलगूनच का बसतात?" त्याने अगदी साळसूदपणे विचारलं.

"लाळेला दाट आणि पातळ, दोन्ही लागतं म्हणून."

"एवढंच कारण?"

"परीक्षेपुरतं एवढंच." मी मान वर केली नाही. पण टेबल अरुंद होतं, आणि गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदाच पडला.

घरी आईने विचारलं, "एकटीच कुणाशी हसतेस गं?"

"लाळग्रंथीशी."

"शिकवून शिकवून डोकं फिरलंय हिचं," आई धाकटीला म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी फार थकले होते. बोलवतच नव्हतं. गुपचूप कानाखालच्या लाळग्रंथीची स्लाइड लावली आणि म्हटलं, "ओळखा."

त्याने डोळे लावले. "स्वादुपिंड…?"

इतके दिवस सगळी उत्तरं बरोबर देणारा माणूस! "अहो, या नळीच्या पेशींतले उभे पट्टे बघा ना. स्वादुपिंडात असे नसतात."

"कसले पट्टे?"

तेव्हा कुठे माझं लक्ष टेबलावरच्या चष्म्याकडे गेलं. नेहमीसारखा उताणा पडला होता. मी तो उचलला आणि विचार न करता त्याच्या नाकावर चढवला. "आता बघा."

तो वाकला. "अरे… पट्टे!"

"आजवर तुम्हाला दिसत काय होतं?"

"गुलाबी-जांभळं धुकं. चष्मा काचेवर आपटतो म्हणून काढून ठेवायचो. आणि यंत्राला हात लावू नये अशी पाटी आहे, म्हणून फोकसचा स्क्रू फिरवत नव्हतो. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं."

धुक्यात त्या पट्टेदार नळीचा फिका गोल स्वादुपिंडात असतात त्या फिक्या पेशींच्या बेटासारखाच दिसणार. गेल्या वेळी हेच झालं होतं. "मग उत्तरं कशी द्यायचात?"

"तुमच्या आवाजावरून." कान लाल झाले त्याचे. "बरोबर दिशेने चाललो की तुमचा आवाज मऊ होतो."

मी उगाच दुसरी स्लाइड लावली.

परीक्षेत आवाजाला बंदी. मी देखरेखीला भिंतीशी उभी होते. तो लाळग्रंथीपाशी आला आणि सवयीने हात चष्म्याकडे गेला. माझ्या तोंडाला कोरड पडली. भीतीने लाळ आटते हे मीच आठवडाभर शिकवत होते, आज स्वतःवर बेतलं. हा माणूस उद्या गेला, तर रोजच्या दुपारी मी काय करू? मला तो हवा होता. इतकं सरळ होतं ते.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात खाली आला. चष्मा नाकावर ठेवूनच तो वाकला.

तो पास झाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. का येईल? काम संपलं होतं. मी दोन बॅच घेतल्या, मुलांवर उगाच डाफरले, मामांच्या चहाला नावं ठेवली.

त्यानंतरच्या दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते, तर दारात पावलं वाजली.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"तोंड कोरडं पडलंय."

"कशाची भीती वाटते?"

"एक उत्तर द्यायचंय. काल दिवसभर जुळवत बसलो होतो." तो समोर बसला. चष्मा काढला, लगेच परत घातला. "मला रोज इथे यायचंय, मॅडम. स्लाइड नसली तरी… तुम्ही मला फार आवडता. चुकलं असेल तर सांगा."

थट्टा करायची, जरा ताटकळत ठेवायचं, असं मनात आलं होतं. पण तेवढी ताकद कुणात होती?

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तो क्षणभर कान देऊन थांबला. मग दमलेल्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"हो," तो म्हणाला, "मऊ झाला आवाज."