चौथ्या मजल्यावरचा ‘हो’

पटो न पटो, हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. तेही दिवसाढवळ्या, दुपारी चारच्या सुमाराला.

मावशी आरोग्यसेविका. बाळंतिणींच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जायचं. आईचा ताप बघायचा, बाळाचं वजन करायचं, वहीत लिहायचं. वीस वर्षं जिने चढून गुडघ्यांनी तिच्याशी वैर धरलं होतं.

त्या मंगळवारी शेवटचं घर उरलं होतं. शिवणकाम करणारी एक मुलगी, बाळंतपणाचा सातवा दिवस.

चौथा मजला.

मावशीचा जीव मेटाकुटीला आला होता. तिनं खालूनच हाक मारली, "काय गं, बरी आहेस ना?"

थोडा वेळ काहीच नाही...

मग वरून आवाज आला. "हो."

मावशीनं वहीत लिहिलं, ‘आई बरी, ताप नाही.’ आणि घर गाठलं.

शुक्रवारी ती मुलगी गेली. बाळंतपणातला ताप अंगभर भिनला होता.

तिची सासू म्हणाली, "ताई, सोमवारपासून ती शुद्धीवरच नव्हती. मंगळवारी तुम्ही येणार, म्हणून थांबलो; बुधवारी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. मंगळवारी दिवसभर घरात चिडीचूप होतं हो."

मग ‘हो’ कोण म्हणालं?

मावशीनं विचारलं नाही. विचारायला तोंडच उरलं नव्हतं.

तीन महिन्यांनी मावशीची लेक माहेरी बाळंत झाली. सातव्या दिवशी दुपारी मावशी कामावरून आली ती स्वयंपाकघरात भिंतीलाच टेकली. तिथूनच आतल्या खोलीतल्या लेकीला विचारलं, "बाळा, बरी आहेस ना?"

थोडा वेळ काहीच नाही...

"हो."

आवाज लेकीचा नव्हता.

मावशी गुडघे विसरून धावली. लेक तापानं फणफणलेली, ओठ घट्ट मिटलेले. कुशीत बाळ टक्क जागं, दाराकडे बघत...

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. "अजून उशीर केला असता तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लेक वाचली.

त्या आवाजानं सावध केलं, की पुन्हा तसंच फसवायला आला होता? मावशीला आजही कळलेलं नाही. अपराधी मात्र तिला रोज वाटतं.

आता ती खालून कुणालाच हाक मारत नाही. मुकाट्यानं जिना चढते. पण त्या मुलीच्या इमारतीत तिसरा मजला ओलांडला, की...

न विचारताच वरून येतं, "हो."

तिच्या घराला केव्हाचंच कुलूप आहे. मावशी तरीही वर जाते आणि दार वाजवून बघते.