करंगळीची वायर

तुटलेली वायर जोडली की दिवा लागतो. मग शाल्मलीच्या मनगटातली तुटलेली चेता (शरीरातले निरोप नेणारी दोरी) डॉक्टरांनी जोडून दोन महिने होत आले, तरी तिची करंगळी अजून मढ्यासारखी का पडून होती?

शाल्मलीच्या बाबांचं कुडाळला रोबो दुरुस्तीचं दुकान. माडावर चढून नारळ उतरवणारे रोबो तिथे येत, आणि त्यांच्या तुटक्या वायरी जोडून सोल्डरचे डाग द्यायला शाल्मलीही बसे. अशाच एका रोबोचं पातं तिच्या उजव्या मनगटाला लागलं. जखम भरली, पण करंगळीला गरम कळेना, गार कळेना, आणि बोटं फाकवता येईनात. पोर शाळेच्या भजनमंडळात पेटी वाजवणारी, आणि दिवाळीनंतर स्पर्धा. तिचा जीव नुसता कासावीस झाला होता.

शेवटी तिनेच उपाय शोधला. शहरात ती जोडलेली चेता काढून तिथे कृत्रिम धागा बसवून देत. बोटं आठवड्यात हलू लागत. करंगळीचा स्पर्श मात्र कायमचा जाई. बाबा म्हणाले, "सोमवारी जाऊ. पण आधी आत्याआजीशी बोल."

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. तिने जन्मभर चेतापेशींवर संशोधन केलं होतं. आत्ता ती पडवीत वाल सोलत बसली होती.

"डॉक्टरांनी जोड नीट दिलेला नाही," शाल्मली म्हणाली. "आपल्या दुकानात असलं काम कोणी खपवून घेतलं नसतं."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," आत्याआजी हसली. "अगो, वायर जिवंत असते का?"

"नाही."

"चेता असते. तिच्यात हजारो तंतू आहेत, आणि एकेक तंतू म्हणजे एकेका चेतापेशीचा लांब हात. बोटं हलवणाऱ्या पेशीचं मुख्य अंग, म्हणजे पेशीकाय, बसलंय तुझ्या मानेत, मेरुरज्जूमध्ये (पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा जाड गोफ). त्याला झाडासारखे फाटे असतात, त्या वृक्षिका (निरोप घेणाऱ्या फांद्या). आणि तो लांबलचक हात म्हणजे अक्षतंतू (निरोप पुढे नेणारा). वृक्षिकांनी निरोप घ्यायचा आणि अक्षतंतूने तो विजेच्या लहरीसारखा थेट पंजापर्यंत न्यायचा."

"मानेपासून पंजापर्यंत एकच पेशी?" शाल्मलीने आपला हात निरखून पाहिला.

"एकच. स्पर्शाचा निरोप उलट, बोटाकडून वर जातो. त्याच्या पेशी वेगळ्या, पण त्यांचंही घर मेरुरज्जूच्या शेजारीच. बऱ्याच तंतूंवर मेदावरण (चरबीचं वेष्टन) असतं, म्हणून निरोप झपाट्याने धावतो."

"वायरवरच्या प्लास्टिकसारखं."

"हो, पण तेही जिवंत मदतनीस पेशींनी गुंडाळलेलं. आणि पुढे तंतू स्नायूला चिकटलेलाही नसतो, मध्ये बारीक फट असते. त्या संपर्कस्थानी तंतू थोडंसं रसायन सोडतो. ते स्नायूला पोचलं की बोट हलतं."

"मग माझं का हलत नाही?"

"कापल्यावर पेशीकायापासून तुटलेला पुढचा तुकडा मेला. मदतनीस पेशींनी तो साफ केला, पण त्याच्याभोवतीची नळी राखून ठेवली. डॉक्टरांनी तंतू नाही जोडले, नळ्यांची तोंडं जुळवली. आता जुन्या पेशी त्याच वाटेने नवे कोंब सोडताहेत. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर."

"आणि तो धागा बसवला तर?"

"वाटच उरणार नाही."

शाल्मलीला पटेना. "कोंब आलाय हे कशावरून?"

"डोळे मीट आणि हात दे."

शाल्मलीने डोळे मिटले. आत्याआजी काहीतरी करत असावी, पण कळत काहीच नव्हतं. मग एकाएकी करंगळीत झणझण उठली आणि तिने हात मागे ओढला.

"करंगळीला काय केलंस?"

"करंगळीला हातही लावला नाही. टोकापासून मागे मागे टिचक्या मारत आले. ही शेवटची तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी."

शाल्मली खजील झाली. "असं हल्ली होतं अधूनमधून. मला वाटलं, जोड ढिला पडून शॉर्ट सर्किट होतंय. म्हणून कोणाला बोलले नाही."

"ते शॉर्ट सर्किट नाही गो. कोवळ्या कोंबाला धक्का लागला की तो निरोप पाठवतो. हा तंतू करंगळीचा, एवढंच मेंदूला ठाऊक. म्हणून टिचकी वाटेत बसली तरी झणझण करंगळीत. महिन्यापूर्वी हीच टिचकी मनगटाच्या जवळ मारावी लागली असती."

"स्पर्धेपर्यंत पोचेल?"

"नाही. आणि सगळी ताकद परत येईलच, असंही मी सांगणार नाही. पण तुझं वय लहान आहे, कोंब जोमात आहेत."

शाल्मलीला रडू आलं. स्पर्धा गेली याचं वाईट वाटत होतं, आणि आपल्या मानेत बसून कोणीतरी इतके दिवस मुकाट्याने काम करतंय याचं तिला नवलही वाटत होतं. आत्याआजीने तिला रडू दिलं.

मग ती उठून दुकानात गेली. बाबा एका रोबोच्या पोटात डोकं घालून बसले होते.

"बाबा, सोमवारी जायला नको. स्पर्धेत पेटीवर आमच्या भजनमंडळातली कादंबरी बसेल, मी तिला चाली शिकवीन."

"का गो? काय झालं?"

"माझी करंगळी येतेय," शाल्मली म्हणाली. "वाटेत आहे."