आतून न उघडणारी गाडी

"आत्या, गाडी बंद पडलीय आणि दारं उघडत नाहीयेत! पिल्लू मागे रडतंय!"

फोनवर भाचीचा आवाज चिरकला होता. बाहेर भर दुपारचं ऊन. आत्याने नोकरीभर विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. घाबरायचं ते नंतर, ही सवय तिला तिथेच लागली.

"काच खाली होते?"

"नाही!"

"सीटवरची डोक्याची उशी उपसून काढ. तिच्या लोखंडी दांड्याने काचेच्या कोपऱ्यात मार. मधोमध नको. आधी पिल्लावर ओढणी टाक."

काच फुटल्याचा आवाज आला आणि आत्याने चपला घातल्या.

ती पोहोचली तेव्हा लालबुंद झालेलं पिल्लू फुटपाथवर भाचीच्या मांडीत पाणी पीत होतं. जावई आला होता. सोबत त्याचा धाकटा भाऊ, भाचीचा दीर. त्याचं स्वतःचं गॅरेज. ही जुनी गाडी गेल्या महिन्यात घरात आली ती त्यानेच पास केली म्हणून.

"वहिनींनी भलतंच बटण दाबलं असेल," दीर म्हणाला.

जावयाने किल्ली खिशात घातली. "पुरे झालं. आजपासून हिने गाडी चालवायची नाही."

भाचीचा चेहरा उतरला. घरोघर जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवायचा, हेच तिचं काम. गाडी गेली की ती पुन्हा चार भिंतींत. आत्याला संताप आला.

ती गाडीत डोकावली. गाडी जुनी, सीटखालपर्यंत चिकटवलेला अख्खा गालिचा मात्र कोरा करकरीत. वर नाकात बसेल एवढं अत्तर.

"चाकाच्या नटांवर हे पिवळे ठिपके कसले?" तिने सहज विचारलं.

"आमच्या गॅरेजची शिस्त, आत्या." दिराची छाती फुगली. "नट पक्का आवळला की रंगाचा ठिपका. पोरं विसरत नाहीत."

"घेण्याआधी काय काय तपासलंत?"

"इंजिन, ब्रेक, चाकं."

"सीट काढल्या होत्या?"

"छे! सीटला कोण हात लावतंय?"

"आधीचा मालक कोण?"

"एक ओळखीचे गृहस्थ. परदेशी गेले."

आत्याने ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा धरला आणि ओढत राहिली, पार शेवटापर्यंत. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर वाळलेल्या चिखलाचा तपकिरी पट्टा होता.

"ही गाडी पुरात बुडाली होती," ती म्हणाली. "सीट धुतात, गालिचे बदलतात, पट्टा शेवटापर्यंत कोणी ओढत नाही. कुलपं गंजली, वायरी कुजल्या. माझ्या भाचीने काही चुकीचं दाबलेलं नाही."

"मग मलाही फसवलं त्याने!" दीर चटकन म्हणाला.

"असं? जावईबापू, सीटखाली बघा जरा."

जावई वाकला. मोबाईलचा दिवा सीटखाली धरला.

"सीटच्या बोल्टांवर पिवळे ठिपके आहेत," तो खालूनच म्हणाला.

"गालिचा बदलायचा तर सीट काढाव्या लागतात," आत्या म्हणाली. "त्या यांच्याच गॅरेजात निघाल्या आणि यांच्याच शिस्तीने परत बसल्या. परदेशी कोणी गेलेलं नाही. बुडालेली गाडी यांनीच स्वस्तात उचलली. बाहेरचं गिऱ्हाईक तिऱ्हाईत मेकॅनिक आणून दाखवेल, म्हणून घरचं शोधलं. इथे विकणाराही हेच, तपासणाराही हेच."

दीर पुटपुटला. "गळ्यात पडली होती गाडी... वाटलं, वहिनी इथल्या इथेच तर फिरणार."

जावयाने भावाची कॉलर धरली. मग आजूबाजूची माणसं बघून सोडली आणि बायकोकडे वळला. आवाज खाली आला होता.

"चुकलं माझं. पण हे बघ, घरातली गोष्ट आहे. घरातच मिटवू."

भाचीने पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"मी आत जीव तोडून ओरडत होते," ती म्हणाली, "बाहेर कुणालाही ऐकू जात नव्हतं. आत्या, पोलीस चौकी कुठल्या बाजूला आहे?"