सवतीचा टाक

आशाबाई आणि तिची सावत्र लेक रत्नमाला गंगापूरहून जीपनं निघाल्या आणि ऊन चढायच्या आत जालना रोडवरच्या तपासणी केंद्रात पोचल्या. काम साधं होतं. आशाबाईच्या डाव्या छातीत आवळ्याएवढी गाठ होती. ती आणखी कुठं पसरलीय का, हे सगळ्या अंगाचा एमआरआय काढून बघायचं होतं. डॉक्टरनं आडपडदा ठेवला नव्हता. गाठ जागच्या जागी असली तर ऑपरेशन. हाडांत नाहीतर यकृतात उतरली असली तर कापून उपयोग नाही. आशाबाईनं जगायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

"मावशी, अंगावरचं धातूचं सगळं काढा," मशीन चालवणारा शिवराज म्हणाला. "आत मोठं चुंबक असतंय. एक्स-रेसारखे किरण नाहीत, भ्यायचं काम नाय. पण धातू राहिला की तिथं चित्र उमटत नाही. नुसतं काळं भगदाड."

जोडवी निघाली, मंगळसूत्र निघालं. काळ्या दोऱ्यातल्या चांदीच्या टाकापाशी आशाबाईचा हात थांबला.

टाकावर बाईची आकृती होती. ती द्वारका, नवऱ्याची पहिली बायको. रत्नमालेला जन्म देताना गेली. लेकीचं तोंडसुद्धा बघितलं नाही. आशाबाई बिजवराला दिलेली, म्हणून सासूनं लग्नातच तो टाक तिच्या गळ्यात बांधला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. मेलेल्या सवतीचा मान राखला की ती नांदू देते म्हणे. ही भीती बायकांच्याच गळ्यात बांधतात. दुसरं लग्न करणाऱ्या बाप्याच्या गळ्यात कुणी कधी काही बांधलंय?

"हे नाय निघायचं."

"मग मशीनबी नाय चालायचं," शिवराज हसला.

रत्नमालेनंच मागून दोरा सोडला. "माझीच आई हाय ना ती? माझ्यावर कशाला रागवंल? दे, मुठीत धरून बसते भायेर."

शिवराजनं आशाबाईच्या अंगावर कवचासारख्या पट्ट्या ठेवल्या, कानांवर हेडफोन चढवला आणि तिला नळीत सरकवलं. छत नाकाला टेकेल इतकं जवळ. मग ठोके सुरू झाले. ठक्, ठक्, ठक्. मध्येच लांबलचक घरघर. आधी नुसता फिनेलचा वास होता. हळूहळू त्यात ओव्याच्या धुरीचा वास मिसळला, बाळंतिणीच्या खोलीत कोंडून राहतो तसा. कानातला आवाज म्हणाला, "श्वास रोखा." तिनं रोखला. तरी नळीत कुणाचा तरी श्वास चालूच होता. दमलेला, अडकत अडकत येणारा…

तिला बाहेर ओढून शिवराजनं विचारलं, "मावशी, गळ्यात काय राहिलंय?"

"कायबी नाय."

त्यानं धातू शोधायची दांडी मानेवरून फिरवली. दांडी गप्प. चित्रात मात्र गळ्यापाशी काळं भगदाड होतं. पुन्हा चित्र काढलं तर ते छातीवर सरकलं होतं. आणखी एकदा काढलं, तर यकृतावर. डॉक्टरला जिथं बघायचं, नेमकं तिथंच.

शिवराजचं हसू कधीच मावळलं होतं. "मशीन बिघडलंय म्हणावं, तर बाकीचं चित्र लख्ख यायलंय. असा रिपोर्ट बघून ऑपरेशन कोण करंल, मावशी?"

आशाबाई उठून दाराशी गेली. जिवाची भीती लई वाईट. जी लेक तिनं वाटीनं दूध पाजून वाढवली, तिलाच ती म्हणाली, "रत्ने, टाक मुठीत नको धरू. गळ्यात घाल… तिला गळा लागतो."

रत्नमालेनं घातला.

चित्र स्वच्छ आलं. गळा, फुप्फुसं, मणके, यकृत, सगळं. केंद्रातल्या डॉक्टर श्रेया पडद्यापुढं बसून म्हणाल्या, "कुठंच पसरलेलं नाही." मग त्यांनी छातीचं चित्र मोठं करून पुढं-मागं सरकवलं. "पण… मूळ गाठ कुठाय?"

आशाबाईनं पदराखाली हात घातला. छाती सपाट, मऊ. सकाळी जीपच्या हादऱ्यांनी ठणकत होती, तीच छाती.

"माय, सुटलीस गं!" बाहेर येताच रत्नमालेनं तिला मिठी मारली.

त्या मिठीत आशाबाईला काहीतरी टोचलं. तिनं लेकीच्या डाव्या छातीवर हात दाबला. आवळ्याएवढं, टणक.

तिनं टाक लेकीच्या गळ्यातून ओरबाडून काढला आणि दोरा आपल्या गळ्यात आवळला. उभ्या जन्मात ती टाकाशी एक अक्षर बोलली नव्हती. आता भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत ओरडत होती, "इकडं ये, द्वारके! माझ्याकडं ये! तुझ्या पोटची हाय ती, कळंना का तुला?" आणि दुसऱ्या हातानं आपली छाती चाचपत होती. छाती सपाटच.

"माय, हळू… लोक बघायलेत," रत्नमाला म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तान्ह्याला थोपटावं तशी ती आपली छाती थोपटत होती.

"तिच्यावर नको ओरडू. मला जवळ घ्यायला तिला आजच मिळालंय."