अहवालातला एक शब्द

आमची पहिली भेट म्हणजे सरळ धडक होती. मी साइट ऑफिसात तणतणत शिरत होते, तो फायलींचा गठ्ठा घेऊन बाहेर येत होता. कागद विखुरले. तो वेचायला वाकला. मी मुळीच वाकले नाही.

माझा दादा रंगारी. परांची कोसळून दुसऱ्या मजल्यावरून खाली आला, पाय मोडला. आणि या शहाण्या सेफ्टी ऑफिसरने इंग्रजी अहवालात लिहिलं होतं, ‘स्लिप्ड’! तेवढ्यावर दादाला निष्काळजी ठरवून कामावरून काढलं होतं.

“मी इंग्रजी शिकवते,” मी म्हणाले. “स्लिप्ड म्हणजे पाय घसरला, चूक दादाची. कोलॅप्स्ड म्हणजे परांचीच कोसळली, चूक तुमची. नुसतं ‘फेल डाउन’, म्हणजे खाली पडला, एवढंच लिहिलं असतंत, तरी खोटं ठरलं नसतं.”

तो मान खाली घालून म्हणाला, की मागचा अहवाल समोर ठेवून नवा लिहायचा, नाव आणि तारीख बदलायची, अशीच इथली पद्धत आहे. ‘स्लिप्ड’ लिहिलं की अहवाल लगेच मंजूर होतो. इतक्या सरळपणे कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मला आणखीच राग आला.

“परांची पाहिलीत तरी?”

“नाही...”

“मग चला.”

मोडक्या परांचीचा गंजलेला जोड त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्याच्या पापण्यांवर सिमेंटची धूळ होती. ते मला कशाला दिसावं?

मग दादाचा जबाब घ्यायला तो आठवडाभर घरी येत राहिला. ‘टंबल्ड’ कधी म्हणायचं? गडगडत गेला तर. ‘ड्रॉप्ड’? हातातून सुटलं तर. एवढं विचारायला त्याला दोन-दोन कप चहा लागायचा आणि दादा भिंतीकडे तोंड करून हसायचा.

दुरुस्त अहवाल गेला. दादाला कामावर परत बोलावलं. आणि खरं लिहिणाऱ्या ऑफिसरची बदली झाली, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. हे मला कळलं दादाकडून! मी तडक ऑफिस गाठलं. तो टेबलाचा खण रिकामा करत होता.

“मला सांगायचं नव्हतं?”

“तुम्ही भांडायला आला असतात,” तो हळूच म्हणाला. “मग... माझा पाय निघाला नसता.”

माझे डोळे भरून आले. त्या डोळ्यांचाही राग आला.

“पत्ता लिहा.” मी वही आपटली. “दर रविवारी येऊन भांडणार आहे.”

त्याने लिहिला.

“आणि मला भांडताच आलं नाही तर?”

“शिकवीन,” मी म्हणाले. “अख्खं आयुष्य पडलंय.”