उतारावर थांबलेला चेंडू

हे मलकापुरात, भरदिवसा घडलं. मी तिथं होतो. कुणाला पटवून देण्याचा माझा हट्ट नाही. पण यात पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली, त्या वर्षीची दिवाळीनंतरची एक सकाळ. माझ्या बशीरमामूंनी दुकान उघडलं, लाकडाचा भुसा झाडून कोपऱ्यात लोटला आणि चहा बशीत ओतून प्यायला. भारनियमनामुळं वीज नव्हती. रोजचंच.

मामू जत्रांसाठी पिनबॉलची यंत्रं बनवत. तिरपा लाकडी पाट, वर काच, स्प्रिंगच्या दांड्यानं उडणारा लोखंडी चेंडू, खिळ्यांची कुंपणं. आजवरच्या प्रत्येक पाटावर कुठली तरी नक्कल असे. सिनेमातला नट, नाहीतर मोटार. या वेळी प्रथमच मामूंनी स्वतःच्या मनातलं चितारलं होतं.

कपाशीचं शेत. बोंडांच्या जागी दिवे, अळ्यांच्या आकाराचे अडसर, कडेला विहीर.

शेत त्यांच्या दोस्ताचं, दयारामचं. त्याच हंगामात फवारणी करताना दयाराम त्या शेतात कोसळला होता. पुन्हा उठला नाही.

जत्रेचे ठेकेदार किसनराव यंत्र पाहायला आले.

"हे काय काढलं बे बशीर? कापूस पाहाले लोक जत्रेत येतीन काय? घरी कमी हाय?"

"खेळून तर पाहा. कोनाची नक्कल नाही, माह्या डोक्यातलं हाय."

किसनरावांनी दांडा ओढून सोडला. चेंडू वर गेला. खिळ्यांवर आपटत खाली येऊ लागला...

आणि मध्येच थांबला.

तिथं खिळा नव्हता. खाचही नव्हती.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. उतारावर चेंडू थांबत नाही.

मामूंनी काच सरकवून पाटावर पाण्याचा थेंब सोडला. उतार तपासायची त्यांची हीच रीत. थेंब चेंडूला वळसा घालून सरळ खाली गेला.

चेंडू हलला नाही.

मग पाटाखालून आवाज आला... खट्. सूं... खट्. सूं...

पाठीवरचा फवारणीचा पंप मारावा तसा.

मामूंनी खालचं झाकण काढलं. आत स्प्रिंगा आणि तारा. बाकी काही नाही.

मामूंचा चेहरा उतरला. किसनराव मात्र खुश झाले. "अरे, हे तर लय चालन! लोक तुटून पडतीन पाहाले. टेम्पो घेऊन येतो."

ते गेले, तेवढ्यात दयारामची बायको आशाबाई आली. शेताचं चित्र पाहायला मामूंनीच तिला बोलावलं होतं. ती थांबलेल्या चेंडूकडं बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"भाऊ, ही जागा तुमाले कोनं सांगतली?"

"कोनती, भाबी?"

"अथीच पडले व्हते ते. म्या कोनालेच सांगतलं नाही."

मामूंनी चेंडूकडं बोट केलं. "म्या ती जागा रिकामी ठेवली व्हती. काऊन ठेवली, मलेबी ठाव नाही."

खट्. सूं...

आशाबाईनं काचेवर तळवा ठेवला. "उतारावर मानूस किती येळ सोताले धरून राहीन, भाऊ?"

दुपारी किसनराव टेम्पो घेऊन आले.

"ते जुनं हिरोवालं घेऊन जा," मामू म्हणाले. "हे नाही."

"डोकं फिरलं काय लेका? जल्मात पयल्यांदा तुही सोताची चीज चालून राह्यली!"

"हाव."

किसनराव बडबडत हिरोवालं यंत्र घेऊन गेले.

मी त्या पाटाचा कोन नंतर कितीदा तरी कागदावर मांडला. उत्तर येत नाही. मामूंच्या दुकानात मी अजूनही त्या यंत्राकडं पाठ करून बसत नाही.

यंत्राचे मागचे पाय उंच असतात. खेळाचा सारा जीव त्या उतारात. त्या दुपारी टेम्पो गेल्यावर मामूंनी त्या पायांवर पेन्सिलीची खूण केली आणि करवत घेतली.

"मामू, मग हे कोणीच खेळू शकणार नाही."

"माहीत हाय, फैजान. तिकून धर."

मी धरलं. त्यांनी दोन्ही पाय कापले, पाट जमिनीशी समांतर केला आणि काचेचे स्क्रू एकेक करून घट्ट आवळले.